साडेचार युनिटांची चोरी

१

चोरी उघडकीला आली मंगळवारी सकाळी, आणि ती उघडकीला आणली विजेच्या बिलाने.

धाकट्या सुनेचा एक हात पिठाने भरलेला होता आणि दुसऱ्या हातात आठ महिन्यांची चिमणी होती. म्हणून तिने बिल चक्क दातात धरून स्वयंपाकघरात आणलं. आकडा वाचला. मग चिमणीला दुसऱ्या कडेवर घेऊन पुन्हा वाचला, जणू बाजू बदलली की आकडाही बदलणार होता.

छतावर सोलर पॅनेल बसून तीन महिने झाले होते. गावाबाहेरच्या या वस्तीतलं ते पहिलंच सोलर, आणि त्याचा सगळा हिशेब धाकटीनेच मांडला होता. खर्च एक लाख ऐंशी हजार. सरकारी सवलत साठ हजार. उरलेले एक लाख वीस हजार घरचे. त्यातले चाळीस हजार तिचे स्वतःचे, लग्नाआधीच्या नोकरीतून साठवलेले. छताने रोज बारा युनिट दिले की महिन्याला दोन हजारांच्या वर बचत. साडेचार वर्षांत पैसे वसूल, आणि त्यापुढे वीस वर्षं सूर्य या घरात बिनपगारी राबणार.

पहिला महिना अगदी तसाच गेला. छताने तीनशे साठ युनिट दिले. त्या भरवशावर तिने पाव भाजायचा विजेचा ओव्हन मागवला. दुकानदाराची अट: दोन महिने वापरून बघा, पसंत पडला तर पैसे, नाहीतर आमचा टेम्पो येऊन घेऊन जाईल. आसपासच्या सहा दुकानांनी तिचे पाव घ्यायला सुरुवातही केली होती.

पण दुसऱ्या महिन्यात छताने दिले दोनशे तेहतीस. घरातले म्हणाले, ढग असतील. आणि हे तिसरं बिल म्हणत होतं, दोनशे बत्तीस.

"रोजचे साडेचार युनिट गायब," ती पुटपुटली.

"म्हणजे किती?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे बरोब्बर माझ्या ओव्हनचा रोजचा खुराक, आई."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांचं बोलणं आधीच ठरलेलं होतं, आणि त्या बोललेलं फिरवत नसत. "मी काय म्हटलं होतं? सूर्य पोसणार असेल तर ओव्हन राहील. घराने पोसायचा असेल तर शनिवारी टेम्पो येईल, त्यात चढेल."

मंगळवार ते शनिवार, चार दिवस. चिमणीने बिलाचा कोपरा तोंडात घातला आणि पुरावा चघळायला सुरुवात केली.

२

आपल्या घरात चोरी झाली की माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो. सासूबाई तर थेट शेजाऱ्याच्या दारातच जाऊन उभ्या राहिल्या.

शेजारी वेल्डर होता. भिंतीला भिंत लागून त्याचं दुकान, आणि दिवसभर तिथे ठिणग्यांचा पाऊस.

"काय रे, आमची वीज गोड लागते का तुला?"

"काकू, देवाशप्पथ!" वेल्डरने तोंडावरचं काळं शिरस्त्राण वर केलं. "तुमची वीज चोरली असती तर माझं बिल एवढं आलं असतं का? थांबा, दाखवतो! माझं बिल बघून माझी बायको दोन दिवस बोललेली नाही!"

"ते बिलामुळे नाही, तुझ्या घोरण्यामुळे."

"तुम्हाला काय माहीत?"

"भिंतीला भिंत आहे. मलाही झोप नाही."

मागून धाकटी चिमणीला घेऊन पोचली. तिने वेल्डरचं बिल पाहिलं. ते खरंच भलंमोठं होतं. पण तिला त्याहून महत्त्वाची गोष्ट सुचली. बिलावर दोन आकडे असतात: घराने किती वीज खाल्ली, आणि छताने किती दिली. कुणी तार टाकून वीज पळवली असती तर घराचा खाण्याचा आकडा फुगला असता. इथे कमी झाला होता तो देण्याचा आकडा. म्हणजे वीज चोरीला जातच नव्हती. ती तयारच होत नव्हती.

"आई, चला. चोर इथे नाही."

"खात्री आहे?"

"आहे."

सासूबाई वेल्डरकडे वळल्या. "मग घोरणं तेवढं कमी कर," त्या म्हणाल्या, कारण एवढं चालत आल्यावर रिकाम्या हाताने परत जाणं त्यांना जमत नसे.

३

बुधवारी सोलरवाला आला. पॅनेल त्यानेच बसवली होती. छतावर चढून त्याने ती बोटाने पुसून पाहिली, आणि बोट स्वच्छच राहिलं.

"एवढी चकचकीत पॅनेल मी कुठे पाहिली नाहीत. रोज पुसतं कोण?"

"बाबा," धाकटी म्हणाली.

सासरे जिन्याच्या तोंडाशी खांद्यावर फडकं टाकून उभे होते. गावाच्या पाण्याच्या पंपावर त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती, म्हणून सगळे त्यांना पंपमास्तर म्हणत. पॅनेल बसली त्या दिवसापासून त्यांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं होतं. कौतुकाने ते ताठ झाले.

"माझ्या हाताखालचा पंप पस्तीस वर्षांत एकदाही जळला नाही," ते म्हणाले. "यंत्राला माणसासारखं वागवलं तर ते माणसाआधी थकत नाही."

"बाबा, कुणी परक्या माणसाने इथे काही हात लावला असेल?"

"परक्याने? माझ्या देखत?" ते जवळजवळ दुखावलेच. "शक्य नाही. दुपारी तर मी स्वतः वर असतो."

छतावरच्या खोलीत, जुन्या खुर्च्या आणि गाद्यांच्या शेजारी, भिंतीवर इन्व्हर्टर होता. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा पांढरा डबा तो हाच. त्यातला पंखा घरघरत होता. मोबाइलवर आकडे बघायची सोय होती म्हणे, पण या कोपऱ्यात रेंज कधी टिकलीच नाही, आणि धाकटीला तरी वर यायला कुठे फुरसत होती! चिमणी नऊला झोपे आणि तीनला झोपे. तेवढ्यात पाव, भांडी आणि आंघोळ.

"पॅनेल ठणठणीत, वायर ठणठणीत," सोलरवाला म्हणाला. "उगाच माझ्या मालाला नावं ठेवू नका, वहिनी."

"नाही ठेवत. पण हा डबा आणखी काय काय सांगतो?"

त्याने बटण दाबलं. पडद्यावर एकामागून एक आकडे आले. एकावर धाकटीची नजर थांबली. ९८०.

"हे काय?"

"बसवल्यापासून किती तास चालला ते. ऊन असो, ढग असो, उजेड आहे तोवर तास मोजले जातात. वीज कमीजास्त होते, तास नाही. सध्या रोजचे बारा धरा."

"आणि कालपर्यंत दिवस झाले ब्याण्णव." धाकटीने चिमणीला सोलरवाल्याच्या हातात दिलं, बिल उलटं केलं आणि पेन्सिल काढली. ब्याण्णव गुणिले बारा. अकराशे चार. वजा नऊशे ऐंशी.

एकशे चोवीस.

तिने तो आकडा पाहिला. मग पहिल्या, चांगल्या महिन्याचे तीस दिवस वगळले. उरले बासष्ट दिवस. एकशे चोवीस भागिले बासष्ट.

"दोन," ती हळूच म्हणाली. "गेले बासष्ट दिवस, रोज दोन तास, हा डबा कुणीतरी बंद करतंय."

सोलरवाल्याच्या हातातल्या चिमणीने त्याचा चष्मा खेचला. तो खाली पडला, आणि उचलायला धाकटी वाकली तेव्हा तिला इन्व्हर्टरच्या खाली, गादीच्या कडेला, एक केसांची क्लिप दिसली. निळी, फुलपाखराची.

ती क्लिप थोरल्या जाऊबाईंची होती.

४

थोरलीचा सोलरला विरोध होता, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. तिला त्या पैशांत न्हाणीघराच्या फरशा बदलून हव्या होत्या. गुरुवारी सकाळी धाकटीने क्लिप तिच्यासमोर भाजीच्या ताटात ठेवली.

"ताई, ही वरच्या खोलीत सापडली."

थोरलीचा चेहरा पडला. तिने दाराकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या खोलीकडे, मग आवाज अगदी खाली आणला. "आईंना सांगू नकोस."

या बाईने बाळंतपणात चाळीस दिवस तिची वेणी घातली होती. "ताई, तुम्ही...?"

"मी झोपते गं तिथे!"

"काय करता?"

"झोपते. सव्वाबाराला जाते, पावणेदोनला खाली. खाली कुठे झोपू? आईंचं घोरणं, त्यात भिंतीपलीकडून त्या वेल्डरचं. दोघं मिळून जुगलबंदी लावतात. वरती कसं अगदी गप्पगार असतं बघ. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"गप्पगार?"

"चिडीचूप."

"तो पंखा? डब्यातला?"

थोरलीने भाजीची सुरी थांबवली. "सकाळी कपडे वाळत घालायला गेलं की घरघरतो मेला. दुपारी नाही. मला वाटलं, तोही माझ्यासारखाच आडवा होत असेल."

धाकटी मटकन शेजारी बसली.

"डबा बंद करायचा तो छतावरचा लाल खटका, त्याला तुम्ही कधी हात लावलात?"

"मी? त्यावर वीज काढलीय, कवटी काढलीय. मला काय मरायचंय?" आणि मग, जरा हिरमुसून: "तुला खरंच वाटलं मी तुझा ओव्हन घालवीन? फरशा मला हव्या आहेत, हो. पण तुझ्या पावाच्या पैशांतून होतील, असं मी मनात धरून बसलेय. ओव्हन गेला तर माझ्या फरशाही गेल्या."

धाकटीला हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदम. तिने थोरलीच्या केसांत ती क्लिप लावून दिली.

"ताई, दुपारी वर कोण कोण असतं?"

"कुणी नसतं."

"कुणीच नाही?"

"कुणी नाही गं. बाबा सोडून."

५

दुपारी चिमणीला पाजताना धाकटी भिंतीला टेकून विचार करत बसली. त्या वेळी हात अडकलेले असत, पण डोकं मोकळं असे. घरातली तीच काय ती मोकळी जागा.

रोज दोन तास बंद, आणि रोज साडेचार युनिट कमी. म्हणजे तासाला दोनाहून जास्त. सकाळी सातला किंवा संध्याकाळी पाचला दोन तास बंद केले असते, तर एखादाच युनिट बुडाला असता. एवढी वीज छत फक्त सूर्य डोक्यावर असतानाच देतं. थोरली सव्वाबाराला पोचते तेव्हा पंखा गप्प असतो आणि पावणेदोनला निघते तेव्हाही गप्पच. म्हणजे वेळ, बारा ते दोन.

खटका छतावर. छताला जिना एकच, आणि तो घरातून. तिचा नवरा आणि थोरले दीर संध्याकाळपर्यंत कामावर. त्या वेळी सासूबाई झोपलेल्या; त्याला साक्षीदार अख्खी वस्ती. थोरली गादीवर. ती स्वतः इथे, या भिंतीशी, या इवल्या मुठीत पदर अडकवून.

उरलं एकच माणूस. ज्याला कुणी मोजलंच नव्हतं, कारण पहारेकऱ्याला कुणी मोजत नाही.

चोर सापडला की बरं वाटायला हवं. पण रोज पहाटे फडकं ओलं करून पॅनेल पुसणारे, चिमणीला खांद्यावर घेऊन 'हा बघ आपला कारखाना' म्हणून दाखवणारे बाबा! आणि ते कशासाठी असं करतील? ओव्हन नको होता का त्यांना? तोंडावर काही न बोलता, रोज दोन तास...

ती उठली. साडेबारा वाजले होते. चिमणीला कडेवर घेऊन ती जिना चढली.

छतावर ऊन रणरणत होतं. लाल खटका खाली ओढलेला होता. आणि त्याच्या शेजारी, सावलीच्या चिंचोळ्या पट्टीत, स्टुलावर बाबा बसले होते. गुडघ्यावर घड्याळ.

तिला पाहून ते दचकले नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "विश्रांती घेतंय."

६

शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले: सासूबाई, थोरली, वेल्डर (आपल्यावरचा डाग पुसला जाताना बघायला तो काम टाकून आला होता) आणि सोलरवाला. बाबा टोकाच्या खुर्चीत, धुतलेला सदरा घालून, अपराधी चेहऱ्याने. आदल्या दुपारी धाकटीने त्यांना म्हटलं होतं, हवं तर मी सांगते, बिघाड होता म्हणून. ते म्हणाले होते, "नाही. मी कधी लॉगबुकात खोटं लिहिलं नाही."

"मीच," त्यांनी सुरुवात केली. "रोज बारा ते दोन. पंपालाही मी तसंच करायचो. दुपारी तापला की दोन तास बंद. म्हणून तर तो टिकला. पॅनेल बसून महिना झाला तेव्हा एकदा या डब्याला हात लावला, तर चटका बसला. म्हटलं, हा असा तापत राहिला तर जळणार."

"अहो, पण वीज जाते ना वाया!" सोलरवाला कळवळला.

"वाया कशी जाईल? पंप बंद केला म्हणून विहिरीतलं पाणी कुठे जातं? मला वाटलं, ऊन त्या काचांत साठून राहत असेल. दोन वाजता खटका वर केला की सगळं येत असेल घरात."

कुणी हसलं नाही. वेल्डरला हसू येत होतं, पण थोरलीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"साठत नाही, पंपमास्तर," सोलरवाला मऊ आवाजात म्हणाला. "ऊन म्हणजे विहीर नाही, वाहता पाट. धरला तेवढा आपला. आणि डबा तापायचाच, त्यासाठीच तर तो पंखा दिलाय."

"मग याला विश्रांती कधी?"

"संध्याकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत झोपलेलंच असतं की हो! बारा तास. तुम्ही-आम्ही तरी एवढं झोपतो का?"

ही बाजू बाबांच्या ध्यानातच आली नव्हती. पंप रात्रीही चालत असे.

"तुम्ही पंचवीस वर्षं म्हणाला होता," ते म्हणाले. "मी एकाहत्तरचा. तेव्हा मी काही बघायला नसणार. चिमणी असेल. पंचविशीची. म्हटलं, आपण जपून वापरलं तर तीस चालेल, तिच्या संसारालाही पुरेल. दुसरं काय ठेवणार मी तिच्यासाठी?"

चिमणीने नेमक्या त्याच वेळी टेबलावर चमचा आपटला. धाकटीने लेकीला उचललं आणि बाबांच्या मांडीवर ठेवलं.

मग सासूबाईंनी तोंड उघडलं. त्या आतापर्यंत एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि ते लक्षण बरं नव्हतं.

"पस्तीस वर्षं पंप," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "दोन महिने हा डबा. रोज दुपारी दोन तास विश्रांती. आणि मला? चूल, गुरं, पोरं, पाहुणे. कधी एकदा तरी म्हणालात का, तापलीस गं, बस जरा?"

"तू कधी बंदच होत नाहीस," बाबा दबकत म्हणाले. "खटकाच सापडला नाही मला."

मग मात्र वेल्डरचा बांध फुटला, आणि त्याच्यामागून सगळ्यांचाच. सासूबाई हसायचं नाही म्हणून पदर तोंडाला लावून बसल्या, पण खांदे हलत होते.

७

शनिवारी टेम्पो आला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आत ओव्हनमध्ये चोवीस पाव फुगत होते, आणि छतावरून बाबांचा आवाज जिन्यातून घरभर घुमत होता.

"तासाला दोन पॉइंट दोन!"

"ऐकलं हो!" खालून थोरली.

"दोन पॉइंट तीन!"

"अहो, खाली या, डोक्याला ऊन लागेल!" सासूबाई ओरडल्या, आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "सकाळपासून क्रिकेटच्या धावा सांगितल्यासारखं चाललंय. बारा युनिट भरल्याशिवाय जेवणार नाहीत आज."

"ओव्हन उतरवू ना मग? म्हणजे, चढवू टेम्पोत?" टेम्पोवाला गोंधळला.

धाकटी दारात उभी होती. तिने सासूबाईंकडे पाहिलं. निकाल त्यांचा होता. तिने काल रात्रीपासून एकदाही विचारला नव्हता.

सासूबाईंनी उगाचच ओव्हनभोवती एक फेरी मारली. काचेतून आत डोकावल्या. पाव सोनेरी होत आले होते. "सूर्य पोसतोय ना?"

"पोसतोय, आई. वर थोडी वीज उरतेय सुद्धा."

"मग मला काय विचारता?" त्या टेम्पोवाल्यावरच खेकसल्या. "पैसे तयार आहेत, घ्या आणि कागद काढा."

त्याने कागद काढला. नेमके बाबा तेव्हा जिना उतरून आले, घामाने चिंब, चेहऱ्यावर विजय. घरातला वयस्कर पुरुष बघून टेम्पोवाल्याने कागद त्यांच्यासमोर धरला. "काका, मालकाची सही इथे."

बाबांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. आणि ते सुनेच्या हातात दिलं.

"मालक ही आहे," ते म्हणाले. "मी नुसता पहारेकरी, तोही रात्रपाळीला नाही. वरचं यंत्र रात्री झोपतं."

धाकटीने सही केली. हाताला पीठ होतं, म्हणून नावाशेजारी कागदावर अंगठ्याचा एक पांढरा ठसा उमटला. टेम्पोवाला तो फुंकून टाकायला गेला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तीही तिचीच सही आहे."